दारातला माणूस: बुफॉन २८ वर्षं कसा टिकला?

इटालियन भाषेत गोलकीपरला 'पोर्तिएरे' म्हणतात. इमारतीच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसालाही तिथे हाच शब्द आहे. आपला द्वारपालच म्हणा ना. आणि हातातला सोपा चेंडू निसटून आत गेला, तर त्या चुकीला तिथे 'पापेरा' म्हणतात, म्हणजे हंसाचं पिल्लू. चुकीला स्वतंत्र नाव असावं इतकं त्या देशाचं आपल्या गोलकीपरकडे लक्ष असतं.

जानलुइजी बुफॉन या दारात २८ वर्षं उभा होता. १९ नोव्हेंबर १९९५ रोजी तो पार्मा क्लबकडून पहिला सामना खेळला तेव्हा १७ वर्षांचा होता. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा ४५ वर्षांचा. मधल्या काळात इटलीसाठी १७६ सामने, इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये म्हणजे 'सेरी आ'मध्ये ६५७ सामने, त्या लीगची १० विजेतेपदं आणि एक विश्वचषक. बाकीचे फुटबॉलपटू पस्तिशीला टेकले की दमलेले दिसू लागतात. मग हा माणूस एवढा कसा टिकला?

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, 'गोलकीपरला कुठे पळावं लागतं!' गल्लीतल्या खेळात आपणही ज्याला पळता येत नाही त्यालाच गोलवर उभं करतो. या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायला थोडं गणित करावं लागेल.

कंदील आणि सावली

गोलचे दोन खांब एकमेकांपासून ७.३२ मीटरवर असतात आणि आडवा खांब जमिनीपासून २.४४ मीटर उंच. पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका, ११ मीटरवरून मारतात. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने निघाला, तर हे अंतर तो साधारण ०.४ सेकंदांत कापतो. माणसाच्या डोळ्यांनी टिपलेलं मेंदूपर्यंत पोचून स्नायू हलायला लागेपर्यंतच यातले ०.२ सेकंद संपतात. उरलेल्या ०.२ सेकंदांत गोलच्या मध्यापासून साडेतीन मीटरवरच्या कोपऱ्यात झेप घ्यायची! नुसत्या चपळाईवर हे होणं शक्य नाही. म्हणून चांगला गोलकीपर चेंडू सुटायची वाट पाहत नाही. मारणारा कोणत्या कोनातून धावत येतोय, टेकवलेल्या पायाचा पंजा कुठे वळलाय, कंबर उघडतेय की मिटतेय, यावरून तो आधीच अंदाज बांधतो. हे वाचन शाळेतल्या वाचनासारखंच असतं, जितकं कराल तितकं वेगाने जमतं. तिशीनंतर स्नायू थोडे मंदावतात, पण वाचन मंदावत नाही, उलट वाढतं.

दुसरी गोष्ट कोनाची. वीज गेल्यावर कंदिलापुढे हात धरून भिंतीवर सावल्या पाडायचा खेळ आपल्यातल्या अनेकांनी खेळलाय. हात भिंतीजवळ असला तर सावली हाताएवढी दिसते, कंदिलाजवळ नेला की सावली सगळी भिंत व्यापते. चेंडू म्हणजे कंदील, गोल म्हणजे भिंत आणि गोलकीपर म्हणजे हात. तो रेषेवर थांबला तर दोन्ही बाजूंना भरपूर भिंत मोकळी राहते. चार पावलं पुढे आला की त्याच्या 'सावली'खाली बराचसा गोल झाकला जातो. पण फार पुढे गेला तर चेंडू डोक्यावरून उचलून मागे टाकता येतो. किती पुढे जायचं आणि कधी, हा निर्णय गोलकीपर एका सामन्यात शेकडो वेळा घेतो. चेंडू पलीकडच्या अर्ध्या मैदानात असतानाही त्याचे पाय अर्धा पाऊल इकडे, अर्धा पाऊल तिकडे सरकत असतात. टीव्हीच्या कॅमेऱ्यात तेव्हा तो नसतो, म्हणून हे काम आपल्याला दिसत नाही.

यातून एक उफराटा वाटणारा निष्कर्ष निघतो. जागा बरोबर असेल तर उडी मारावीच लागत नाही, चेंडू थेट छातीवर येतो. विशीतल्या बुफॉनच्या झेपा पाहताना श्वास रोखला जायचा. पस्तिशीतल्या बुफॉनच्या झेपा कमी झाल्या होत्या आणि तो जास्त चांगला गोलकीपर झाला होता. त्याच्या दीर्घायुष्याचं मुख्य कारण मला इथे दिसतं.

संगमरवराच्या गावातला मुलगा

बुफॉनचा जन्म २८ जानेवारी १९७८ चा, टस्कनीतल्या कर्राराचा. मायकेलअँजेलोने डेव्हिडचा पुतळा ज्या संगमरवरातून कोरला, तो याच गावाच्या डोंगरातला. घर खेळाडूंचं होतं. आई थाळीफेकपटू, वडीलही खेळाडू, दोघी बहिणी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या. हा मात्र लहानपणी मधल्या फळीत खेळायचा. १९९० चा विश्वचषक इटलीत भरला तेव्हा तो १२ वर्षांचा होता. पहिल्याच सामन्यात कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला हरवलं. त्या कॅमेरूनच्या गोलमध्ये थॉमस एन्कोनो होता. त्याला पाहून या पोराने ठरवलं की आपणही दारात उभं राहायचं. पुढे त्याने आपल्या थोरल्या मुलाच्या नावात 'थॉमस' घातलं, ते याच एन्कोनोसाठी.

१३ व्या वर्षी तो पार्माच्या युवा संघात दाखल झाला. त्यानंतर वर्षभरात, १९९२ मध्ये, फुटबॉलचा एक नियम बदलला. तोवर बचावपटूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपर सरळ हातात उचलायचा. आघाडी घेतलेले संघ असा वेळ काढत बसायचे आणि १९९० च्या विश्वचषकात तर लोक त्याला पार कंटाळले. नव्या नियमाने तो चेंडू हातात घ्यायला बंदी केली. एका रात्रीत जगातल्या सगळ्या गोलकीपरांना पाय वापरायला शिकणं भाग पडलं. बुफॉनची पिढी हा नियम पाळतच मोठी झालेली पहिली पिढी, आणि तो तर मुळात मधल्या फळीतला. तरीही पायांचा गोलकीपर म्हणून त्याचं नाव कधी घेतलं गेलं नाही. पुढच्या पिढीतल्या जर्मनीच्या मॅन्युएल नॉयरने मैदानाच्या मध्यापर्यंत येऊन खेळण्याची जी पद्धत रूढ केली, ती याची नव्हती. हा दाराजवळ राहणारा, जुन्या इटालियन घडणीचा.

ती घडण काय, हे कळायला दिनो झॉफकडे पाहावं लागतं. १४ वर्षांचा असताना उंची कमी म्हणून इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी त्याला नाकारलं होतं. तोच झॉफ ४० व्या वर्षी, १९८२ मध्ये, कप्तान म्हणून विश्वचषक उचलून उभा राहिला. त्या स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ ने पुढे असताना अगदी शेवटी ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू झॉफने गोलरेषेवर दाबून धरला. तो ढकलला नाही, पकडला. ढकललेला चेंडू दुसऱ्या कुणाच्या तरी पायाशी पडू शकतो, पकडलेला चेंडू तिथेच संपतो. अनावश्यक हालचाल नाही, दिखावा नाही, आधी जागा आणि मग हात, असं हे वळण. बुफॉनचा स्वभाव झॉफपेक्षा बराच उसळता होता, पण हातांना वळण हेच होतं.

एकाच खुर्चीचा धंदा

पार्माच्या प्रशिक्षकाने, नेव्हिओ स्कालाने, १९९५ च्या त्या दिवशी १७ वर्षांच्या मुलाला उभं केलं, कारण पहिला गोलकीपर लूका बुच्ची जखमी होता. समोर मिलान. त्यांच्याकडे रॉबेर्तो बाज्जिओ आणि जॉर्ज वेआ. वेआला पुढच्याच महिन्यात युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा 'बॅलन डी'ऑर' मिळाला (पुढे तो लायबेरियाचा अध्यक्षही झाला). मिलानने त्या हंगामात लीग जिंकली. पण त्या दिवशी सामना ०-० सुटला.

गोलकीपरच्या कारकिर्दीची रचना इथेच समजून घ्यावी. आघाडीवर दोन-तीन जागा असतात, मधल्या फळीत तीन-चार. सामना सुरू असताना बदलीही होते. गोलमध्ये मात्र एकच जागा, आणि पहिला गोलकीपर धडधाकट असेपर्यंत दुसरा बाकावरच. क्रिकेटमधल्या विकेटकीपरचीही हीच कथा. म्हणून गोलकीपरच्या आयुष्यात दार बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी दुखापतीमुळे उघडतं आणि स्वतःच्या दुखापतीमुळे बंद होतं. ऑक्टोबर १९९७ मध्ये मॉस्कोच्या बर्फात, विश्वचषकाच्या पात्रता लढतीत, जानलुका पाल्युका जखमी होऊन बाहेर गेला आणि १९ वर्षांचा बुफॉन देशासाठी पहिल्यांदा उतरला. २००० च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर नॉर्वेविरुद्धच्या सराव सामन्यात बुफॉनचा हात मोडला, तर त्याच्या जागी फ्रान्चेस्को तोल्दो उभा राहिला. उपांत्य सामन्यात तोल्दोने नेदरलँड्सची एक पेनल्टी खेळ चालू असताना आणि आणखी दोन शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी शेवटी मारतात त्या पेनल्ट्यांमध्ये, अडवल्या. इटलीचा त्या वेळचा प्रशिक्षक होता दिनो झॉफ! घरी बसून हे पाहणाऱ्या बुफॉनला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आपल्या संघाचा आनंद आणि आपली जागा जाण्याची धास्ती, दोन्ही एकाच वेळी.

जागा गेली नाही. २००१ मध्ये युव्हेंटसने त्याला विकत घेतलं ते सुमारे १०० अब्ज लिराला, म्हणजे ५ कोटींहून जास्त युरोंना. गोलकीपरसाठी एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती आणि पुढे २०१८ पर्यंत हा विक्रम टिकला. त्याच उन्हाळ्यात युव्हेंटसने झिनेदिन झिदानला रेआल माद्रिदला विकलं होतं, तोच पैसा इथे आला. तेव्हा अनेकांना हा व्यवहार खुळेपणाचा वाटला, कारण पैसा गोल करणाऱ्यावर घालायचा असतो असा समज होता. पण हिशेब करा. आघाडीचा खेळाडू ऐन भरात पाच-सहा वर्षं असतो. बुफॉनने सलग १७ हंगाम युव्हेंटसचं दार सांभाळलं, म्हणजे वर्षाला साधारण ३० लाख युरो. इतका स्वस्त सौदा त्या क्लबच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. पार्माच्या बाजूने पाहिलं तर चित्र दुःखद आहे. तो क्लब 'पार्मालात' या दूध कंपनीच्या पैशांवर उभा होता. बुफॉन, लिलियन थुराम, फाबिओ कान्नावारो, हर्नान क्रेस्पो असे खेळाडू असलेल्या या संघाने १९९९ मध्ये युएफा कप जिंकला. २००३ च्या अखेरीस ती कंपनी प्रचंड घोटाळ्यात बुडाली आणि क्लबचीही वाताहत झाली.

दोन शूटआउट

मे २००३, मँचेस्टर. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना, युव्हेंटस विरुद्ध मिलान. १२० मिनिटं गोल नाही. शूटआउटमध्ये बुफॉनने दोन पेनल्टी अडवल्या, सीडॉर्फची आणि कालाद्झेची. पण मिलानच्या दिदाने तीन अडवल्या आणि युव्हेंटस हरलं.

जुलै २००६, बर्लिन. विश्वचषकाचा अंतिम सामना, इटली विरुद्ध फ्रान्स, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झालेला. शूटआउटमध्ये बुफॉनने एकही पेनल्टी अडवली नाही. त्रेझेगेचा फटका आडव्या खांबावर आदळला, इटलीच्या पाचही जणांनी गोल केले आणि इटली जगज्जेता झाला.

दोन अडवून हरला, शून्य अडवून जिंकला. गोलकीपरच्या कामाचं माप त्या पाच फटक्यांवर काढू नये, हे यावरून कळतं. २००६ च्या स्पर्धेत त्याचं खरं काम शूटआउटच्या आधी झालं होतं. सात सामन्यांत इटलीवर फक्त दोन गोल झाले. त्यातला एक अमेरिकेविरुद्ध आपल्याच क्रिस्तियान झाक्कार्दोच्या पायाने आत गेलेला आणि दुसरा अंतिम सामन्यातली झिदानची पेनल्टी. म्हणजे उघड्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या एकाही खेळाडूला त्याला चकवता आलं नाही!

आणि १०४ वं मिनिट. उजवीकडून सान्योलचा उंच चेंडू आला, झिदानने मोकळं होऊन डोक्याने जोरात आडव्या खांबाखाली मारला. चेंडू गोलच्या जवळजवळ मध्यावरून वर चढत होता. बुफॉनने सरळ वर उसळून तो खांबावरून पलीकडे घालवला. झिदान तोंड वासून ओरडला, तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. ही झेप पुन्हा पाहाल तेव्हा चेंडू हवेत असतानाचे बुफॉनचे पाय बघा. उंच चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा गोलकीपरला त्याच्याबरोबर लहान लहान पावलांनी सरकावं लागतं आणि डोकं चेंडूला लागायच्या क्षणी दोन्ही पाय स्थिर करावे लागतात. पाय हवेत असले तर उसळी मिळत नाही. तो थांबला होता, म्हणून उडू शकला. त्या वर्षीच्या 'बॅलन डी'ऑर'मध्ये कप्तान कान्नावारो पहिला आला आणि बुफॉन दुसरा.

या दोन सामन्यांच्या मध्ये एक काळ आहे, आणि तो वगळून ही कारकीर्द सांगता येणार नाही. २००३ च्या अखेरीपासून २००४ च्या उन्हाळ्यापर्यंत बुफॉनला नैराश्याने ग्रासलं होतं. वय २५-२६, जगातला सर्वांत महागडा गोलकीपर, हाताशी सगळं. तरी पाय लटपटायचे, मैदानावर जाववत नसे. त्याने मानसोपचाराची मदत घेतली आणि काही वर्षांनी स्वतःच हे उघडपणे सांगितलं. इटालियन पुरुषी फुटबॉलच्या जगात तेव्हा असं बोलायची रीत नव्हती. तुरीनमध्ये मार्क शागालचं एक चित्र पाहिलं तेव्हा मन हलकं झालं, असंही त्याने सांगितलंय. त्या चित्रात एक माणूस जमिनीवर उभा आहे आणि त्याच्या हाताला धरून एक बाई हवेत तरंगतेय. गोलकीपरचा एकटेपणा इथे आठवतो. बाकी दहा जणांची चूक सावरायला मागे कुणीतरी असतं, याच्या मागे फक्त जाळी असते. आघाडीवाला दहा संधी दवडून अकरावीला गोल करतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलकीपर दहा वाचवतो आणि अकरावीचा 'पापेरा' लोकांच्या लक्षात राहतो. हे ओझं २८ वर्षं वाहायचं तर नुसते खांदे मजबूत असून भागत नाही. बुफॉनने दुबळेपणा लपवला नाही, म्हणून तो टिकला, असं मी मानतो.

रिमिनीची दुपार

बर्लिनची रात्र ९ जुलै २००६ ची. बरोबर दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, जगज्जेता गोलकीपर समुद्रकाठच्या रिमिनी गावात दुसऱ्या श्रेणीचा सामना खेळत होता. १-१ असा सुटला.

झालं असं की त्या वसंतात 'काल्चोपोली' नावाचं प्रकरण फुटलं. कोणत्या सामन्याला कोणता पंच नेमायचा यावर काही क्लबांचे पदाधिकारी वजन टाकत होते, हे टॅप केलेल्या फोनवरून उघड झालं. युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली, क्लबला दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे 'सेरी बी'मध्ये, ढकललं आणि वर सुरुवातीलाच गुण कापले. कान्नावारो माद्रिदला गेला, इब्राहिमोविच इंटरला, थुराम आणि झांब्रोत्ता बार्सिलोनाला. बुफॉनला घ्यायला कुणीही मोठा क्लब तयार झाला असता. तो राहिला. देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी हेही राहिले. वर्षभरात संघ वर आला.

या निर्णयाकडे भावनेने पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण धंद्याच्या नजरेनेही पाहा. गोलकीपरकडे वेळ असतो. २८ व्या वर्षी आघाडीच्या खेळाडूने एक वर्ष दुसऱ्या श्रेणीत घालवलं तर त्याच्या ऐन भरातल्या वर्षांचा मोठा वाटा जातो. बुफॉनपुढे अजून १७ वर्षं पडली होती, हे त्याला तेव्हा ठाऊक नसेल, पण आपली उमेद कधी संपते याचा अंदाज गोलकीपरला असतो. पुढची पाच वर्षं सोपी गेली नाहीत. पाठीच्या दुखण्याने २०१० च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्याच्या मध्यंतराला तो बाहेर गेला आणि मग शस्त्रक्रिया झाली. 'संपला' असं लिहिणारे तेव्हा पुष्कळ होते. २०१२ ला युव्हेंटसने एकही सामना न हरता लीग जिंकली आणि मग विजेतेपदांची रांगच लागली.

त्याच हंगामात एक गोष्ट अशी घडली की तिची बाजू मला घेता येत नाही. मिलानविरुद्ध सुली मुंतारीचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडला होता, बुफॉनने तो बाहेर काढला आणि पंचांनी गोल दिला नाही. सामन्यानंतर तो म्हणाला की चेंडू आत गेल्याचं मला कळलं नव्हतं, पण कळलं असतं तरी मी पंचांना सांगितलं नसतं. प्रामाणिक उत्तर, पण मोठ्या माणसाकडून अपेक्षा वेगळी होती. चेंडू रेषेपार गेला की नाही हे सांगणारं तंत्रज्ञान सेरी आमध्ये २०१५ च्या हंगामापासून आलं आणि हा प्रश्न माणसाच्या नीतीवर सोडायची गरज उरली नाही.

२०१५-१६ मध्ये बुफॉनने लीगमध्ये सलग ९७४ मिनिटं गोल खाल्ला नाही. आधीचा विक्रम मिलानच्या सेबास्तियानो रोस्सीचा, ९२९ मिनिटांचा. एक सामना ९० मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ अकरा सामने. यातलं किती श्रेय एकट्याचं? माझ्या मते निम्म्याहून कमी. पुढे बार्झाली, बोनुच्ची आणि किएल्लिनी ही भिंत होती. पण भिंतीतली वीट कुठे सरकवायची हे मागून ओरडून सांगणारा माणूस तोच होता, कारण सगळं मैदान समोर दिसतं ते फक्त गोलकीपरला. शेवटी २० मार्च २०१६ ला, त्याच शहरातल्या तोरिनो क्लबविरुद्धच्या डर्बीत, आंद्रेआ बेलोत्तीच्या पेनल्टीने ही मालिका तुटली. चार वर्षांनी, ४ जुलै २०२० ला, बुफॉन पाओलो माल्दिनीला मागे टाकून सेरी आमधला ६४८ वा सामना खेळला. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. सामना पुन्हा तोरिनोविरुद्धच, युव्हेंटस पुन्हा ४-१ ने जिंकलं, आणि तो एक गोल पुन्हा बेलोत्तीचा, पुन्हा पेनल्टीवरच!

जे मिळालं नाही

चॅम्पियन्स लीग त्याला कधीच मिळाली नाही. २००३ नंतर २०१५ ला बार्सिलोनाकडून आणि २०१७ ला रेआल माद्रिदकडून, अशा तीन अंतिम फेऱ्या तो हरला. एप्रिल २०१८ मध्ये माद्रिदला त्यांच्याच घरी पहिल्या सामन्यातली तीन गोलांची पिछाडी भरून काढल्यावर भरपाईच्या वेळेत पंचांनी युव्हेंटसविरुद्ध पेनल्टी दिली. बुफॉन पंचांच्या अंगावर धावून गेला आणि त्याला लाल कार्ड मिळालं. नंतर तो पंचांबद्दल इतकं कडवट बोलला की युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी घातली. ४० वर्षांचा माणूस इतका चिडावा? मला त्यात चाळीस वर्षं नव्हे, शेवटची संधी हातातून जाताना दिसते.

त्याआधी काही महिने, १३ नोव्हेंबर २०१७ रोजी, मिलानच्या सान सिरो मैदानावर पात्रता लढतीचा पहिला सामना हरलेल्या इटलीने स्वीडनशी ०-० बरोबरी केली आणि १९५८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला मुकला. सामन्याआधी स्वीडनच्या राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षक हुर्यो करत होते, तेव्हा बुफॉन एकटा मोठ्याने टाळ्या वाजवत होता. शेवटच्या मिनिटांत तो स्वतःचं दार सोडून कॉर्नरवर डोकं लावायला पलीकडच्या गोलपाशी गेला. त्याला सहाव्या विश्वचषकाच्या संघात असायचं होतं. सामना संपल्यावर टीव्हीसमोर बोलताना त्याला रडू आवरलं नाही.

मग पॅरिसमध्ये एक वर्ष, परत युव्हेंटस, आणि शेवटी २०२१ ला पार्मा. तो क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. जिथून निघाला तिथेच, ४३ व्या वर्षी, पुन्हा हातमोजे चढवून उभा. दोन हंगाम तिथे काढून त्याने थांबायचं ठरवलं. नंतर राष्ट्रीय संघाच्या पथकप्रमुखाची जबाबदारी त्याने घेतली. जानलुका व्हियाल्ली गेल्यापासून ती जागा मोकळी होती.

इटलीच्या गोलमधली जागा मात्र फार दिवस मोकळी राहिली नाही. ती भरायची सुरुवात बुफॉनच्या डोळ्यांदेखत झाली होती. १ सप्टेंबर २०१६, बारी शहर, फ्रान्सविरुद्ध मैत्रीचा सामना. पहिला अर्धा भाग बुफॉन खेळला. मध्यंतरानंतर त्याच्या जागी मिलानचा जानलुइजी दोन्नारुम्मा आला. वय १७. नाव तेच, हाकही जवळपास तीच, थोरल्याला 'जीजी', धाकट्याला 'जीजो'. बुफॉन पार्माकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने हा मुलगा जन्मला होता. या वेळी कुणी जखमी झालं नव्हतं. थोरला जीजी बाकावर जाऊन बसला आणि धाकटा दाराकडे चालत गेला.